साठ डॉलरमध्ये बारा भुतं: मुलांसाठी घरच्या घरी हॅलोवीन पार्टी

सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या दुकानांच्या तोंडाशीच प्लास्टिकचे सांगाडे लटकायला लागतात. एक सांगाडा, दोन कोळी, जाळ्याचं पाकीट, धूर सोडणारं यंत्र, भुतांची चित्रं छापलेल्या पिशव्या असं करत ढकलगाडी भरते. दीडशे-दोनशे डॉलर गेलेले असतात आणि खायचं अजून काहीच घेतलेलं नसतं.

हा लेख चार ते दहा वर्षांच्या बारा मुलांची अडीच तासांची पार्टी साठ डॉलरच्या आसपास कशी बसवायची, याबद्दल आहे. हिशेब न्यू जर्सीतल्या भावांनी धरलाय, तुमच्या गावात थोडं इकडेतिकडे होईल. सूत्र एकच: मुलांना खरी मजा येते ती अंधारात काहीतरी गार, बुळबुळीत हाताला लागतं तेव्हा, आणि पैसे मात्र जातात डोळ्यांना दाखवायच्या वस्तूंवर. म्हणून सजावट रद्दीतून करायची, खेळ स्वयंपाकघरातून काढायचे आणि पैसे भोपळ्यांवर व खाण्यावर घालायचे.

तारीख आणि वेळ

३१ ऑक्टोबरला पार्टी ठेवू नका. त्या संध्याकाळी मुलांना दारोदार खाऊ मागत ‘ट्रिक ऑर ट्रीट’ करत फिरायचं असतं, तुमच्या घरी कोणी थांबणार नाही. त्याआधीचा शनिवार उत्तम.

वेळ ठरवताना सूर्यास्त बघा. घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात न्यू जर्सीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सव्वाचारला मुलं बोलावली तर रंगकाम उजेडात होतं, खाणं तिन्हीसांजेला आणि खरे भुताटकीचे खेळ काळोखात. पावणेसातला पालक न्यायला येतात. दुपारी दोनला ठेवलेली हॅलोवीन पार्टी म्हणजे पडदे लावून केलेला वाढदिवस, मजा येत नाही.

काही वर्षी दिवाळी याच आठवड्यात येते. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरच्या घोळात सापडलं होतं. अशा वर्षी पार्टी सरळ ऑक्टोबरच्या मध्यावर घ्या. एका हाताने चकलीचा सोऱ्या आणि दुसऱ्या हाताने भोपळा कोरायचा, हे जमत नाही.

साठ डॉलरची विभागणी

भोपळ्यांना १८, खाण्याला २२, सजावटीला ८, खेळांचं सामान आणि बक्षिसांना ७, आणि ५ हाताशी. बटाटे, कणीक, साबुदाणा, शेवया, मसाले घरात असतातच असं धरलंय.

या यादीत रिटर्न गिफ्टची पिशवी नाही, आणि ती मुद्दाम नाही. शिट्टी, रबरी वटवाघूळ, दोन गोळ्या यांची बारा पाकिटं करायला सहज पंचवीस-तीस डॉलर लागतात आणि सोमवारी ती सगळ्यांच्या घरी कचऱ्यात असतात. मुलाने स्वतः रंगवलेला छोटा भोपळा घरी न्यायचा, तेच रिटर्न गिफ्ट.

आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर दोन आठवडे आधी पाठवा आणि त्यातच तीन प्रश्न विचारा: कशाची अ‍ॅलर्जी आहे का, अंडं किंवा जिलेटिन चालतं का, अंधाराची भीती वाटते का. काही कुटुंबं धार्मिक कारणाने हॅलोवीन पाळत नाहीत. कोणी ‘नाही’ म्हटलं तर कारण विचारत बसू नका. आणि ‘काय आणू?’ असं कोणी विचारलं तर मोकळेपणाने सांगा. एकाने कागदी ताटल्या, एकाने ज्यूस, एकाने फळं. मंडळाच्या पॉटलकला आपण दहा किलो भात नेतो, इथे संकोच कशाला?

महिनाभर आधी: टाकाऊ वस्तूंची बेगमी

सप्टेंबरअखेर गॅरेजमध्ये एक खोकं ठेवा आणि त्यात टाकत जा: दुधाचे रिकामे गॅलनचे कॅन, टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, बुटांची खोकी, जुनी पांढरी चादर किंवा धोतर, पूजेच्या नारळाच्या शेंड्या. दही लावणाऱ्या घरात महिन्याला आठ-दहा गॅलन दूध सहज संपतं, तेवढी भुतं आपली फुकट झाली.

दुधाच्या कॅनचं भूत असं करायचं. लेबल काढून कॅन धुवून वाळवा. काळ्या मार्करने मोठे डोळे आणि वाकडं तोंड काढा. मागच्या बाजूला, मुठीच्या खालच्या अंगाला कात्रीने लिंबाएवढं भोक पाडा आणि त्यातून दिवाळीची एलईडी माळ आत सोडा. दारापासून अंगणापर्यंत सात-आठ कॅन ओळीने मांडले की विकतच्या कुठल्याही सजावटीपेक्षा भारी दिसतं. वारा असेल तर आत मूठभर वाळू घाला.

पुठ्ठ्याच्या नळ्यांना डोळ्यांच्या आकाराची दोन भोकं पाडायची, आत चमकणारी ग्लो स्टिक ठेवायची आणि नळ्या झुडपात खोचायच्या. काळोख पडला की झुडपातून कोणीतरी बघतंय असं वाटतं. ग्लो स्टिक काळोख पडायच्या सुमारासच मोडा, लवकर मोडल्या तर ऐन वेळी मंदावतात.

घरात काळ्या कचऱ्याच्या पिशव्या उभ्या चिरून दारांना झिरमिळ्या लावा. काळा कागद दुमडून अर्ध्या वटवाघळाची बाह्यरेषा काढली की एका कापात पूर्ण वटवाघूळ निघतं. चाळीस-पन्नास करून भिंतीवर एकाच दिशेने उडवत चिकटवा. कोळ्याच्या जाळ्यासाठी वातींचा कापूस हाताने ताणून पिंजा, पण जाळं घराच्या आतच लावा. बाहेर झाडांवर ताणलेल्या कापसाच्या आणि नायलॉनच्या जाळ्यांत पक्षी आणि मधमाश्या अडकतात.

खरी मेणबत्ती किंवा पणती कुठेही नको. मुलांच्या अंगावर ओढण्या, कापूस आणि झिरमिळ्या असतात, एक ठिणगी पुरते. ड्राय आइसचा धूरही नको. तो उणे ७८ अंश सेल्सियसला असतो, हाताला लागला तर भाजल्यासारखी जखम होते आणि बंद खोलीत त्याचा कार्बन डायऑक्साइड साठतो. बारा मुलांवर आणि त्या भांड्यावर एकाच वेळी लक्ष ठेवणं होत नाही.

भोपळे

एक मोठा कोरायला, बारा छोटे रंगवायला. किराणा दुकानातूनच घ्या. शेतावरच्या ‘पंपकिन पॅच’वर गवताच्या गाडीत बसायला आणि फोटो काढायला जरूर जा, पण पार्टीचे भोपळे तिथून घेतलेत तर सगळं बजेट तिथेच संपेल.

भोपळा कोरण्याची चाल आयर्लंडमधून आली. तिथे सलगम कोरायचे. स्थलांतरित लोक अमेरिकेत आले, इथे भोपळा मोठा, मऊ आणि मुबलक, तेव्हा सलगम मागे पडला. घट्ट सलगम कोरून बघा, म्हणजे त्यांनी बदल का केला ते मनगटाला कळेल.

मोठा भोपळा तुम्हीच कोरायचा, पार्टीच्या आदल्या दिवशी. लवकर कोरलात तर चार-पाच दिवसांत सुरकुततो आणि बुरशी धरतो. घेताना देठ घट्ट आणि बूड सपाट असलेला घ्या. पाठीवर टकटक केल्यावर पोकळ आवाज यायला हवा.

वरचं झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा, नाहीतर झाकण आत पडतं. त्यापेक्षा मला बुडाकडून कापणं आवडतं. दिवा जमिनीवर ठेवायचा आणि वरून भोपळा बसवायचा, हात आत घालावा लागत नाही. आतलं मोठ्या डावाने खरवडा. चेहरा येणार त्या बाजूची भिंत इंचभर जाडीची राहील इतकी खरवडलीत तर पुढचं काम निम्म्याने हलकं होतं. चेहरा व्हाइटबोर्डच्या मार्करने काढा, चुकला तर ओल्या फडक्याने पुसला जातो. कोरायला स्वयंपाकघरातली मोठी सुरी नको, ती अडकते आणि मग जोर लावल्यावर सटकते. दुकानात दोन-तीन डॉलरला छोटी करवत मिळते, तीच वापरा. कोरलेल्या कडांना बोटाने व्हॅसलीन लावलं की त्या लवकर वाळत नाहीत. आत बॅटरीवरचा दिवा. दिवा असल्यामुळे भोपळ्यात खार शिरणार नाही असं मानू नका. रात्री घरात घ्या.

बिया टाकू नका. चाळणीत धुऊन रेषे काढा, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, फडक्यावर कोरड्या करा, चमचाभर तेल चोळून ३५० फॅरेनहाइटला पंधरा-वीस मिनिटं भाजा. मध्ये एकदा हलवा. गरम असतानाच चाट मसाला घाला. पालक न्यायला येतात तेव्हा त्यांच्यासमोर ठेवायला छान.

कोरायच्या मोठ्या भोपळ्याचा गर पाणचट असतो, त्याची भाजी करायच्या फंदात पडू नका. घारगे करायचे असतील तर छोटा, गोड ‘पाय पंपकिन’ वेगळा घ्या.

मुलांना छोटे भोपळे आणि अ‍ॅक्रेलिक रंग द्या. पोस्टर कलर भोपळ्याच्या गुळगुळीत सालीवर धरत नाही, वाळला की पापुद्रे निघतात. चार वर्षांच्यांना रंगाऐवजी स्टिकर आणि मार्कर. खाली जुने टेबलक्लॉथ, अंगात बाबांचे जुने शर्ट उलटे घालून.

खाणं

पिझ्झा मागवला की बजेट संपलं. मी तीन पदार्थ सुचवते.

पहिला, मम्मी पॅटिस, म्हणजे इजिप्तमधल्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या प्रेतासारखे दिसणारे. फ्रोझन पफ पेस्ट्रीच्या एका पाकिटात दोन पत्रे असतात, त्यात वीस पॅटिस होतात.

१. पाकीट आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली ठेवा. ओट्यावर घाईने वितळवलं तर लोणी सुटतं आणि पट्ट्या चिकटतात.
२. दीड पौंड बटाटे उकडून बटाटेवड्याची भाजी करा, मिरची निम्मी. भाजी कोरडी आणि पूर्ण गार हवी.
३. भाजीचे बोटभर लांब, अंगठ्याएवढे जाड वळे करा.
४. पेस्ट्रीच्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या कापा. एका वळ्याला दोन पट्ट्या बँडेजसारख्या आडव्यातिडव्या गुंडाळा. वरच्या टोकाला चेहऱ्यापुरती फट सोडा.
५. दूध लावून ४०० फॅरेनहाइटला अठरा-वीस मिनिटं, सोनेरी होईपर्यंत भाजा.
६. फटीत क्रीम चीजचे दोन ठिपके आणि त्यावर काळ्या ऑलिव्हचे तुकडे, झाले डोळे. डोळ्यांना मिरे किंवा लवंग लावू नका, मुलं चावतात आणि मग रडतात.

सकाळी गुंडाळून ट्रे फ्रीजमध्ये ठेवला तर मुलं रंगकाम करत असताना भाजता येतात.

दुसरा, भुतांच्या इडल्या. मिनी इडल्या, प्रत्येकीला ऑलिव्हचे दोन डोळे आणि एक उघडं तोंड. त्याबरोबर वाटीत टोमॅटोचं सार, ज्याला त्या दिवशी रक्तच म्हणायचं. थोडं बीट किसून उकळीत घातलं की रंग अगदी हवा तसा येतो. एरवी साराला नाक मुरडणारी मुलं रक्त म्हटल्यावर दुसरी वाटी मागतात.

तिसरा पदार्थ करण्यामागे कारण आहे. हॅलोवीनच्या बाजारात मिळणाऱ्या गमी अळ्या, मार्शमेलो, कँडी कॉर्न यांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी. आपल्याकडच्या निम्म्या मुलांना ते चालत नाही, आणि मुलांना लेबल वाचता येत नाही. लाल रंगासाठी कार्माईन वापरलं असेल तर तो रंग किड्यांपासून काढलेला असतो, तेही लेबलवर बघा. त्यापेक्षा अळ्या घरीच करा, चायना ग्रासच्या. अर्धा कप पाण्यात दोन टीस्पून चायना ग्रासची पावडर तीन मिनिटं उकळा, त्यात दीड कप कोमट संत्र्याचा किंवा द्राक्षाचा रस ओता, ताटात पातळ पसरा. फ्रीजशिवाय अर्ध्या तासात घट्ट होतं. सुरीने लांब पट्ट्या कापायच्या आणि चॉकलेट बिस्किटांच्या चुऱ्यात अर्ध्या पुरायच्या. माती आणि गांडुळं तयार.

चार वर्षांखालची भावंडं येणार असतील तर पॉपकॉर्न, कडक गोळ्या, अख्खी द्राक्षं आणि मार्शमेलो त्यांच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षं द्यायचीच तर उभी चिरून. दाणे-काजू सगळ्या पार्टीतूनच वगळलेत तर कुठल्या ताटात काय आहे हे लक्षात ठेवावं लागत नाही. अ‍ॅलर्जीच्या मुलांसाठी ३१ तारखेला दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवायची पद्धत इथे २०१४ पासून देशभर पसरली. त्याचा अर्थ या घरी खाऊऐवजी खेळणं किंवा स्टिकरही मिळेल. एक छोटा भोपळा त्या रंगात रंगवून घ्या, पैसे लागत नाहीत.

काळोखातली खोकी

पार्टीचा जीव इथे आहे. बुटांच्या सहा खोक्यांना बाजूला हात जाईल एवढं भोक पाडा आणि त्यावर जुन्या मोज्याचा वरचा भाग चिकटवा, म्हणजे आतलं दिसत नाही. आत प्लास्टिकचा डबा आणि डब्यात भुताचे अवयव.

बेडकाची अंडी म्हणजे रात्रभर जास्त पाण्यात भिजवलेला साबुदाणा. खिचडीचा मोकळा नको, चिकट झालेला हवा. डोळे म्हणजे सोललेली द्राक्षं, फ्रीजमधून गार काढलेली, किंवा डब्यातली लीची. आतडी म्हणजे उकडून तेल लावलेली स्पॅगेटी. कान म्हणजे वाळवलेले जर्दाळू, पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवून. चेटकिणीचे केस म्हणजे नारळाची शेंडी. जीभ म्हणजे तेलाचा हात लावलेला कणकेचा लांबट गोळा, आणि सहापैकी सगळ्यात जास्त किंकाळ्या यालाच पडतात. सगळ्या वस्तू ऐन वेळेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा. गार नसेल तर तो नुसता साबुदाणा राहतो.

सांगणारा चांगला हवा. दिवे घालवा, एकच टॉर्च हनुवटीखाली धरा आणि हळू आवाजात सुरू करा: ‘काल रात्री आमच्या तळघरात एक भूत वारलं. त्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून आम्ही ते सहा खोक्यांत भरून ठेवलंय...’ मुलांनी रांगेने हात घालायचा, काय आहे ते ओरडायचं नाही, शेवटी एकदम सांगायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना आधी उजेडात खोक्याचं झाकण उघडून दाखवा. त्यांना गुपित कळलं की ती मोठ्यांना घाबरवायच्या कामावर लागतात आणि रडत नाहीत. हात धुवायला बादली आणि टॉवेल खोलीतच ठेवा, नाहीतर तेलकट बोटं सोफ्यावर.

बाकीचे खेळ सोपे आहेत. तिघांचा गट, दोन रोल टॉयलेट पेपर, तीन मिनिटांत एकाची मम्मी करायची. नाक-तोंड उघडं हवं. हा खेळ खाण्याआधी उजेडात घ्या, त्याने मुलं दमतात. डोळे बांधून भुताला नाक चिकटवणं, रंगवलेल्या भोपळ्याच्या देठावर ग्लो स्टिकची कडी टाकणं, गाणं थांबलं की पुतळा होणं, यातले दोन पुरतात. शेवटी टॉर्च घेऊन अंगणात लपवलेली चॉकलेटं शोधायची. प्रत्येकाला पाचच, हे आधी सांगून ठेवा आणि मोठ्या मुलांना पाच मिनिटं उशिरा सोडा. पाण्यात तरंगणारी सफरचंदं दातांनी उचलायचा जुना खेळ मी घेत नाही. एकाच टबात बारा तोंडं.

आजी-आजोबा आलेले असतील तर

भारतातून आलेल्या आजी-आजोबांना ‘घरात भुतं कशाला मांडायची?’ असं वाटतंच. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना गोष्टीचं काम द्या. कोकणातल्या माणसाकडे भुतांची खाण असते: पिंपळावरचा मुंजा, उलट्या पायांची हडळ, रात्रभर एकाच वाटेवर फिरवणारा चकवा, पाण्यात ओढणारा गिऱ्हा, अमावस्येला पालखी घेऊन निघणारा वेताळ. विकतच्या भुतांमध्ये यांतलं एकही नाही. मुलांचं मराठी कच्चं असेल तर आजीने मराठीत सांगावं आणि नातवंडाने इंग्रजीत, म्हणजे तो दोघांचा खेळ होतो. दहा मिनिटांची एकच गोष्ट, आणि शेवटी भुताची फजिती झालीच पाहिजे. रात्री बारा घरांतून फोन येऊ नयेत, एवढ्यासाठी.

पोशाख

आमंत्रणात ‘घरात असेल त्यातूनच’ असं लिहा. इतर पालकांचेही पैसे वाचतात. मुखवट्याऐवजी चेहरा रंगवलेला बरा, मुखवट्यातून दिसत नाही आणि मूल जिन्यावर अडखळतं. रंग आधी मनगटावर लावून पाहा. पायघोळ काही असेल तर घोट्याच्या वर टाचा.

सुचत नसेल तर एक हमखास पोशाख: भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी. पुठ्ठ्याची दोन मोठी वर्तुळं नारिंगी रंगवून पुढे-मागे खांद्यावरून नाडीने अडकवायची, डोक्यावर कापसाचे केस आणि जुन्या ओढणीचा पदर, हातात काठी. दोन डॉलरच्या आत होतो, आणि शाळेत कोणी विचारलं तर मुलाला सांगायला गोष्टही असते.

दुसऱ्या दिवसापासून

खोक्यातलं अन्न त्याच रात्री टाका. कोरलेला भोपळा मऊ पडला की उचलायला जाल तेव्हा बूड खाली राहतं, म्हणून त्याखाली पहिल्यापासून पुठ्ठा ठेवा. रंग न लावलेले भोपळे कंपोस्टमध्ये घाला, अ‍ॅक्रेलिक लावलेले नको. बऱ्याच गावांत नोव्हेंबरात भोपळे गोळा करतात, नगरपालिकेच्या वेबसाइटवर दिवस दिलेला असतो.

१ नोव्हेंबरला सकाळी दुकानात एक चक्कर मारा. हॅलोवीनचं सामान निम्म्या किमतीत असतं. नारिंगी आणि जांभळ्या एलईडी माळा, काळा कागद, ग्लो स्टिक उचला. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर त्याच माळा थोड्याच दिवसांत आकाशकंदिलाला लागतात. ग्लो स्टिकच्या पाकिटावरची तारीख मात्र बघून घ्या, जुन्या झालेल्या नीट पेटत नाहीत. चॉकलेटं पुढच्या वर्षासाठी घेऊ नका, घरात टिकत नाहीत.